धागा तुटला की थांबणारे यंत्र

वाराणसीला मोटारीने येणाऱ्या यात्रेकरूला गोदौलियाच्या चौकापाशी, किंवा गर्दीच्या दिवसांत त्याच्याही बरेच अलीकडे, खाली उतरावे लागते. पुढे विश्वनाथाचे मंदिर, दशाश्वमेध घाट आणि गल्ल्यांचे ते प्रसिद्ध जाळे; तेथे चारचाकी वाहनाला वाट नाही. चौकातून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडे अंतर चालले की मदनपुरा ही विणकरांची जुनी वस्ती लागते. येथील घरांतून मागांचा आवाज कानी येतो; कोठे हातमागाची संथ, तालबद्ध खटखट, तर कोठे यंत्रमागाचा अखंड खडखडाट. यात्रेकरूला येथवर आणून सोडणारी मोटार पुष्कळदा टोयोटा कंपनीची, इनोव्हा नावाची असते. ती मोटार आणि गल्लीतला तो माग यांचे नाते अगदी जवळचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मोटारींच्या धंद्यात जगात अग्रस्थानी असलेल्या या कंपनीचा जन्म विणकराच्या मागापासून झाला. आणि तिच्या मोटारींविषयी लोकांना जो विश्वास वाटतो, त्याचे मूळही मागावर तुटणाऱ्या एका धाग्याशी जाऊन पोहोचते.

सुताराचा मुलगा आणि आईचा माग

साकिची तोयोदा यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी, आजच्या शिझुओका प्रांतातील कोसाई शहराच्या हद्दीत मोडणाऱ्या एका खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. तो सारा मुलूख सुती कापड विणणारा. घरोघरच्या बायका शेताची आणि संसाराची कामे उरकून मागावर बसत; साकिचीची आईही त्यांपैकीच एक होती. जुन्या मागावर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे आणि प्रत्येक फेकीनंतर फणी ओढून आडवा धागा घट्ट बसवावा लागे. दिवसभराच्या श्रमानंतर हाती पडणारे कापड मात्र थोडेच.

१८८५ मध्ये जपान सरकारने शोधकांना पेटंट देणारा कायदा केला. तेव्हा साकिची अठरा वर्षांचे होते. बापाने हाती दिलेली सुतारकामाची हत्यारे त्यांनी मागाकडे वळविली. गावकऱ्यांना हा मुलाचा नाद वाटे, आणि वडिलांनाही तो फारसा रुचत नसे. १८९० मध्ये तोक्योच्या उएनो भागात राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तेथील यंत्रे पाहून ते परतले आणि त्याच वर्षी त्यांनी आपला पहिला लाकडी हातमाग सिद्ध केला. त्याची फणी मागेपुढे केली की धोटा आपोआप इकडून तिकडे जाई. विणणारीचा एक हात मोकळा झाला आणि कापडाचे उत्पादन जवळजवळ निम्म्याने वाढले. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, त्यांना या मागाचे पेटंट मिळाले.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. कोसाईजवळच्या हामामात्सू येथे मिचिओ सुझुकी या दुसऱ्या सुतारकाम जाणणाऱ्या तरुणाने १९०९ मध्ये मागांचाच कारखाना काढला. डिसेंबर १९८३ पासून ज्या छोट्या मोटारीने भारतातील मध्यमवर्गाला चारचाकीचे स्वप्न साध्य करून दिले, त्या मारुतीमागची सुझुकी कंपनी ती हीच. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या दोन प्रमुख जपानी मोटारींची कुळे अशी शेजारशेजारच्या मागांपाशी जाऊन मिळतात.

थांबण्याची कला

हातमागाला वाफेची शक्ती जोडणे हा पुढचा टप्पा होता. १८९६ मध्ये साकिचींनी लाकूड व लोखंड यांचा मिळून यंत्रमाग तयार केला. यंत्रमाग त्यापूर्वीही इंग्लंडमध्ये होतेच. परंतु त्यांतील अनेकांचा एक मोठा दोष असा, की उभा धागा तुटल्याचे यंत्राला कळत नसे. ते आपले चालतच राही आणि वारभर सदोष कापड तयार होई. साहजिकच मागांवर सतत लक्ष ठेवण्यासाठी माणसे उभी करावी लागत.

साकिचींचे लक्ष मुख्यतः या दोषाकडे होते. त्यांच्या मागातील युक्ती सोपी आहे. आडवा धागा, म्हणजे बाणा, जागेवर असेल तर तो एका हलक्या काट्याला ढकलून बाजूस सारतो. धागा तुटला किंवा संपला, तर काटा जागचा हलत नाही आणि त्याच्याशी जोडलेली तरफ मागाची गती तोडते. उभ्या धाग्यांसाठी, म्हणजे ताण्यासाठी, पुढे अशीच योजना झाली. तणावातला प्रत्येक धागा धातूची एक पातळ पट्टी तोलून धरतो. तो तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. १९२४ मध्ये साकिची आणि त्यांचे अभियंता पुत्र किइचिरो यांनी पूर्ण केलेल्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागात या सर्व युक्त्या एकत्र आल्या. शिवाय रिकामा झालेला धोटा माग न थांबविता, भर वेगात बदलण्याची सोयही त्यात होती. एका कामगाराला आता तीस-तीस माग सांभाळता येऊ लागले. १९२६ मध्ये या मागांच्या निर्मितीसाठी कारिया येथे स्वतंत्र कंपनी निघाली.

या तत्त्वाला जपानी भाषेत ‘जिदोका’ म्हणतात. आपोआप चालणे या अर्थाच्या शब्दातील ‘हालचाल’ दर्शविणाऱ्या चिन्हाला या मंडळींनी ‘माणूस’ या अर्थाचे छोटे चिन्ह जोडले. उच्चार तोच राहिला, अर्थ मात्र बदलला. यंत्राने केवळ आपोआप चालावे असे नाही, तर चूक होताच माणसासारखे थबकावे आणि माणसाला हाक मारावी, असा त्याचा आशय आहे. टोयोटाच्या पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली या एका चिन्हात आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

मागाकडून मोटारीकडे

डिसेंबर १९२९ मध्ये लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने जपान, चीन आणि अमेरिका वगळता इतर देशांसाठी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेण्याचा करार केला. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरविणारी हीच ती विख्यात कंपनी. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, त्याच देशाने जपानी सुताराच्या युक्तीचे मोल मोजावे, ही घटना लहान नव्हती. कराराच्या निमित्ताने किइचिरो इंग्लंड-अमेरिकेला गेले आणि तेथील मोटारींचे कारखाने त्यांनी डोळसपणे पाहिले. ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची निवर्तले. मुलाने मोटारीच्या मागे लागावे ही त्यांचीच इच्छा होती, असे सांगितले जाते.

१९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू झाला. १९३५ च्या मे महिन्यात पहिली नमुना-मोटार आणि वर्षअखेर पहिली मालमोटार बाहेर पडली. या मालमोटारी वारंवार रस्त्यात बंद पडत. जपानमधील जनरल मोटर्सची नोकरी सोडून आलेले शोतारो कामिया हे विक्रीचे प्रमुख होते. बंद पडलेली गाडी कंपनीने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाची आणि प्रत्येक दोषाची नोंद कारखान्यापर्यंत पोहोचवावयाची, असा शिरस्ता या काळात पडला. तुटलेला धागा लपवावयाचा नाही, हा मागावरचा धडा येथे प्रथम मोटारीच्या उपयोगी पडला.

कंपनीच्या नावाचीही एक कथा आहे. १९३६ मध्ये बोधचिन्हासाठी लोकांकडून सूचना मागविण्यात आल्या, तेव्हा सुमारे सत्तावीस हजार सूचना आल्या. त्यांतून ‘तोयोदा’ऐवजी ‘टोयोटा’ हा उच्चार पुढे आला. जपानी लिपीत हे नाव आठ रेघांत लिहिता येते, आणि आठ हा आकडा तेथे भरभराटीचा मानतात. शिवाय घराण्याच्या नावापासून कंपनी थोडी अलग झाली, हेही बरेच झाले. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनीची रीतसर स्थापना झाली. कोरोमो या ज्या गावी तिचा मोठा कारखाना उभा राहिला, त्या गावाचेच नाव १९५९ मध्ये टोयोटा असे ठेवण्यात आले.

१९५० चा धडा

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कंपनी जवळजवळ बुडाली होती. चलनवाढ रोखण्यासाठी १९४९ मध्ये योजलेल्या कठोर धोरणामुळे मोटारींना गिऱ्हाईक उरले नाही, पगार थकले, बँकांनी कामगारकपातीची अट घातली. एकाही माणसाला काढणार नाही, असा शब्द किइचिरोंनी दिला होता. तो त्यांना पाळता आला नाही. दीर्घ संपानंतर सुमारे सोळाशे कामगारांनी नोकरी सोडली आणि जून १९५० मध्ये किइचिरोंनी स्वतःही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध भडकले, अमेरिकी सैन्याने मालमोटारींची मोठी मागणी नोंदविली आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र पुन्हा त्या पदावर बसू शकले नाहीत. २७ मार्च १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रसंगाने दोन गोष्टी शिकविल्या. न विकलेल्या मालाचे ढीग कंपनीला बुडवितात, ही एक. आणि कामगारांचा विश्वास गमावला तर काहीच उरत नाही, ही दुसरी. पुढील उत्पादनपद्धती या दोन धड्यांवर उभी आहे. तिचे प्रमुख शिल्पकार ताइइची ओनो हे मूळचे तोयोदांच्या सूतगिरणीतले. मोटारींच्या कारखान्यात ते १९४३ मध्ये आले. जे हवे ते, हवे तेव्हा आणि हवे तितकेच तयार करावयाचे, ही किइचिरोंची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकाने उचललेल्या मालाइतकाच नवा माल फळीवर ठेवला जातो, हे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. कारखान्यातही पुढच्या विभागाने एक चिठ्ठी पाठवावी आणि मागच्या विभागाने तेवढेच सुटे भाग करून द्यावेत, अशी रीत त्यांनी घातली. या चिठ्ठीला ‘कानबान’ म्हणतात.

जिदोकाचे तत्त्वही यंत्राकडून माणसाकडे आले. जोडणीच्या ओळीत काम करणाऱ्या कोणाही कामगाराला दोष दिसला, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी. दिवा लागतो, प्रमुख धावत येतो आणि दोष निघाला नाही तर सारी ओळ थांबते. त्या काळी इतर कारखान्यांत ओळ थांबविणे हा कामगाराचा मोठा अपराध समजला जाई. येथे दोष पाहूनही न थांबणे हा अपराध ठरला. दोषाचे कारण शोधताना ‘का?’ हा प्रश्न निदान पाच वेळा विचारावा, असा ओनोंचा आग्रह असे. पट्टा का तुटला, तर भार वाढला. भार का वाढला, तर तेल कमी पडले. तेल का कमी पडले, तर पंप नीट चालत नव्हता. असे खोल गेल्यावाचून खरे कारण हाती लागत नाही.

नावलौकिक सावकाश आला. १९५७ मध्ये अमेरिकेला पाठविलेली क्राउन ही मोटार तेथील महामार्गांचा वेग सोसू शकली नाही आणि काही वर्षांत तिची निर्यात थांबवावी लागली. दोष ओळखून कंपनीने पुन्हा आरंभ केला. १९६६ मध्ये कोरोला आली. १९९७ पर्यंत ती जगात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली होती. १९७३ च्या तेलटंचाईत कमी इंधनावर चालणाऱ्या जपानी मोटारींचे महत्त्व जगाला उमगले. १९९७ च्या अखेरीस पेट्रोल आणि वीज अशा दुहेरी शक्तीवर चालणारी प्रियस बाजारात आली.

किर्लोस्करांचा दुवा

भारतात टोयोटाचे पहिले पाऊल उत्तर प्रदेशातच पडले. १९८० च्या दशकात डीसीएम या उद्योगसमूहाच्या भागीदारीत सूरजपूर येथे हलक्या मालमोटारींचा कारखाना निघाला. पण ती भागीदारी टिकली नाही. दुसरा प्रयत्न १९९० च्या दशकात झाला आणि त्याची सुरुवात पुन्हा कापडधंद्यापासून व्हावी, हे अर्थपूर्ण आहे. १९९५ मध्ये किर्लोस्कर समूहासह बंगळूरजवळ सूतगिरण्यांच्या यंत्रांचा संयुक्त उद्योग सुरू झाला आणि दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली.

मराठी वाचकाला किर्लोस्करांची ओळख करून देण्याची गरज नाही. साकिचींहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. विणणारीचे श्रम हलके करणारा एक आणि नांगरणाऱ्याचे श्रम हलके करणारा दुसरा, अशा या दोन समकालीन कारागिरांचे वारस शतकाच्या शेवटी एकत्र आले. ते जुळवून आणण्यात लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांचा मोठा वाटा होता. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

बिडदी येथील कारखान्यातून जानेवारी २००० मध्ये क्वालिस ही मोटार बाजारात आली. इंडोनेशियात किजांग या नावाने चालणाऱ्या गाडीचा तो भारतीय अवतार होता. दिसायला ती जुनाट आणि पेटीसारखी. जाणकारांनी नाके मुरडली. प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना मात्र तिची योग्यता चटकन कळली. आठ-दहा माणसे सामानासह बसावीत, शिडीसारख्या भक्कम लोखंडी सांगाड्याने खड्डे सोसावेत, डिझेलवर चालावी आणि वाटेत बंद पडू नये, एवढेच त्यांना हवे होते. २००५ मध्ये क्वालिसची जागा इनोव्हाने घेतली.

काशी-प्रयाग-गया ही त्रिस्थळी यात्रा करणारी मराठी कुटुंबे पूर्वी आगगाडी, टांगा आणि होडी यांवर अवलंबून असत. आज वाराणसीच्या स्थानकाबाहेर ती सात-आठ जणांची मोटार ठरवितात आणि अनेकदा नाव घेऊन इनोव्हाच मागतात. सारनाथ, बोधगया आणि कुशीनगर या वाटेने जाणारे बौद्ध यात्रेकरूही अशाच वाहनांतून फिरतात. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील भित्तिचित्रे जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी १९३२ ते १९३६ या काळात रंगविली; ती पाहावयास आलेला जपानी यात्रिक पुष्कळदा आपल्याच देशातील कंपनीच्या गाडीतून उतरतो. वाहनचालकाच्या दृष्टीने या गाडीचे आकर्षण वेगळेच आहे. मोटार बहुधा कर्जाऊ घेतलेली असते आणि ती ज्या दिवशी उभी राहते, त्या दिवशी चूल अडते. वापरलेल्या गाडीलाही चांगली किंमत येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून किंमत जास्त असूनही तो तीच घेतो. गाडीवरचा हा विश्वास त्याच्या लेखी हिशेबाची बाब आहे.

थांबण्याचे विस्मरण

ज्या कंपनीची कीर्ती थांबण्यावर उभी होती, तीच एकदा थांबावयास विसरली. २००८ मध्ये जनरल मोटर्सला मागे टाकून ती जगात पहिली झाली आणि लगेच, २००९-१० मध्ये, तिला लक्षावधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या. पायाखालच्या चटईत अडकणाऱ्या आणि दाबल्यावर वर न येणाऱ्या वेगपट्टीमुळे अपघात होत होते. माणसे दगावली होती. २४ फेब्रुवारी २०१० रोजी साकिचींचे पणतू आकिओ तोयोदा यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे क्षमा मागितली आणि वाढीचा वेग माणसे घडविण्याच्या वेगाहून अधिक झाला, अशा आशयाची कबुली दिली. दोषांविषयी लोकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. बिडदीच्या कारखान्यातही २०२० च्या नोव्हेंबरात कामाच्या ताणावरून संघर्ष होऊन टाळेबंदी झाली. दोरी ओढण्याचा अधिकार कागदावर असणे आणि ती ओढण्याइतकी उसंत कामगाराला असणे, यांत अंतर पडू शकते. ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाशी छत्रपती संभाजीनगर येथील नियोजित कारखान्यासाठी कंपनीने सामंजस्य करार केला. तेथे जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पुन्हा मदनपुऱ्यात

शेवटी पुन्हा वाराणसीच्या गल्लीत यावे लागते. येथील विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसतो. ‘कढुआ’ पद्धतीच्या साडीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र छोट्या कांडीने, धाग्यामागून धागा घालून भरली जाते. एका साडीला महिनेच्या महिने लागतात. धागा तुटला की विणकर थांबतो, तो शोधतो, चिमटीत धरून गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. साकिचींनी यंत्राला जे शिकविले, ते या माणसाच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. येथील काही विणकरांचे नातलग मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवरही आहेत. कारण १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून बाहेर पडलेल्या विणकरांनीच त्या गावांचा कापडधंदा पुष्कळसा उभा केला.

परंतु आईचा हात मोकळा करणारे यंत्र पुढे तो हातच अनावश्यक ठरवू शकते. वाराणसीत आज अनेक घरांतून हातमाग उतरवून यंत्रमाग बसविलेले दिसतात. हातमागाच्या साडीची नक्कल त्यावर थोड्या वेळात आणि अल्प किमतीत होते. २००९ मध्ये बनारसी साडी आणि जरीकाम यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तरी गिऱ्हाइकाला खरे-खोटे ओळखता आल्यावाचून विणकराच्या पदरी फारसे पडत नाही. या प्रश्नाचे उत्तर टोयोटाच्या इतिहासात तयार मिळणार नाही. मात्र त्या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. जे काम नुसते शीण देणारे आहे, ते यंत्राकडे जावे. जेथे पारख लागते, तेथे यंत्राने थांबून माणसाला बोलवावे. कढुआच्या साडीत अशी पारख धाग्याधाग्याला लागते. म्हणूनच तिची नक्कल होते, पण ती साडी यंत्राला अजून साधलेली नाही.

गोदौलियाला प्रवाशांची वाट पाहत मोटार उभी असते. चालक बहुधा फडक्याने तिची काच पुसत असतो. चार पावलांवर, गल्लीच्या आत, एखाद्या हातमागाची खटखट मध्येच थांबते. धागा तुटलेला असतो. क्षणभराने गाठ बसते आणि आवाज पुन्हा सुरू होतो.